वही बदलली, शेत तेच

तलाठ्याच्या दप्तरात शेताची माती नसते. कोणता गट कोणाचा, एवढी नोंद असते. दप्तर जळाले तरी शेत जागच्या जागी राहते, पण ते कोणाचे हे सांगता येत नाही. संगणकाच्या हार्ड डिस्कचेही तसेच. मजकूर चकतीवर विखुरलेला असतो, आणि तो कोठे कोठे आहे हे सांगणारी वही त्याच चकतीवर असते. या वहीच्या पद्धतीला म्हणायचे फाइल सिस्टिम.

मायक्रोसॉफ्टची जुनी वही म्हणजे फॅट. ती १९७७ च्या सुमाराची. १९८१ साली आयबीएमच्या छोट्या संगणकाबरोबर ती आली, तेव्हा फ्लॉपीवर १६० किलोबाइट मावत. एवढ्या वाडीला ती वही पुरून उरे! पुढे वाडीचे शहर झाले. फॅट-१६ मध्ये २ गिगाबाइटचा विभाग केला की एकेक खण ३२ किलोबाइटचा होई, आणि दोन ओळींची चिठ्ठीही अख्खा खण अडवून बसे. पोत्यात एक शेंगदाणा! १९९६ च्या फॅट-३२ ने खण लहान केले. पण एका फाइलला ४ गिगाबाइटची वेस राहिलीच. शिवाय लिहिता लिहिता वीज गेली, तर वही अर्धवट राही.

१९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस निराळी. फेरफार करण्याआधी ती तो रोजकीर्दीत टिपून ठेवते. वीज आली की वहीचा मेळ बसतो. (वहीचा, बरे का, तुम्ही न साठवलेल्या पत्राचा नव्हे.)

पण जुन्या चकत्यांचे काय? त्या पुसायच्या कशा? त्यासाठी 'कन्व्हर्ट' ही आज्ञा होती, आणि मला सर्वांत शहाणपणाचे वाटते ते तिचेच काम. ती मजकूर हलवीत बसत नाही. मोकळ्या जागेत नवी वही लिहून काढते, जुनी तशीच ठेवते. आणि सगळे जुळले की अगदी शेवटी चकतीच्या पहिल्या पानावर नव्या पद्धतीचे नाव घालते. तोपर्यंत अडखळले, तर चकती जुन्या वहीवर चालतच राहते. म्हणूनच गच्च भरलेल्या चकतीला ही आज्ञा नकार देते: नवी वही लिहायला जागा नको का?

एकदा नाव बदलले की मात्र ती आज्ञा परत फिरवीत नाही. फॅट पुन्हा हवी तर चकती पुसावी लागते, म्हणून आधी मजकुराची नक्कल दुसरीकडे काढून ठेवायची.