बेलवलीची बोअरवेल आणि "निसर्ग बघून घेईल" या वाक्याचा इतिहास

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या बोअरवेलचा रिपोर्ट आला. टीडीएस, कठीणपणा, क्लोराईड, जिवाणू, सगळं मर्यादेत. मीटिंगमध्ये मी विचारलं, "यात सॉल्व्हंट तपासलेत का?" कोणालाच प्रश्न कळला नाही. शेवटी एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अहो, एवढा पाऊस पडतो आपल्याकडे. जे काय असेल ते धुऊन जातं. निसर्ग बघून घेतो."

काकांची चेष्टा करायला ही पोस्ट लिहीत नाहीये. कारण काका जे बोलले, ते जगात एक मान्य शास्त्रीय पद्धत म्हणून वापरलं जातं. तिला नैसर्गिक क्षीणन म्हणतात. म्हणजे जमिनीखालचं प्रदूषण जिवाणू, खडक, पाणी आणि काळ यांच्या भरवशावर कमी होऊ द्यायचं. फक्त त्या पद्धतीला अटी आहेत, आणि आपल्या पट्ट्यात आपण अटी गाळून उरलेलं वाक्य तेवढं घेतलंय. थोडं लांबेल, पण वाचा.

आधी सॉल्व्हंट म्हणजे काय ते. मराठीत द्रावक. मशीनच्या भागांवरचं ग्रीस काढायला, ड्रायक्लीनिंगला, रंगात, औषधं आणि कीटकनाशकं बनवताना लागणारी रसायनं. यातला क्लोरीन असलेला गट सगळ्यात चिवट. उदाहरणार्थ ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई. हे पाण्यापेक्षा जड असतं. डिझेल सांडलं तर ते भूजलावर तरंगतं. टीसीई भूजलाच्याही खाली जातं, खडकाच्या फटीत बसतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरला ५ मायक्रोग्रॅम. हिशोब करून बघा: एक ग्रॅम टीसीई दोन लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेतं. म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. इतक्या कमी प्रमाणात ना रंग दिसतो, ना वास येतो.

आता आपल्या भागाचा इतिहास. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि अंबरनाथ, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. हजारो घरांना त्यातून भाकरी मिळाली, ते नाकारायचं कारण नाही. पण तारखा बघा. महाराष्ट्राचं प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं १९७० मध्ये. पाण्याचा केंद्रीय कायदा १९७४ मध्ये. आणि घातक कचरा कुठे, कसा टाकायचा याचे देशातले पहिले नियम आले थेट १९८९ मध्ये. म्हणजे एमआयडीसी आली तेव्हापासून सत्तावीस वर्षं, ड्रमच्या तळाशी उरलेला सॉल्व्हंट कारखान्यामागच्या खड्ड्यात ओतला तरी त्यासाठी वेगळा नियमच नव्हता. हे एका कारखान्याविषयी नाही, त्या काळाविषयी आहे. अमेरिकेतही तेव्हा हेच चालायचं.

नियम आल्यावरही सवय गेली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधलं रसायन वालधुनीत सोडलं गेलं आणि वडोल गाव परिसरातले शेकडो लोक विषारी वायूने हॉस्पिटलात पोचले. त्याआधी २०१३ मध्ये 'वनशक्ती' ही संस्था उल्हास नदीच्या प्रदूषणासाठी हरित लवादात गेली होती आणि जुलै २०१५ मध्ये पुण्याच्या खंडपीठाने निकाल दिला. मात्र या सगळ्या लढाया नदीच्या होत्या. नदी दिसते, फेसाळते, तिचा वास येतो. जमिनीखालच्या पाण्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

आणि इथेच पावसाचा गैरसमज होतो. जुलै २०१९ चा पूर आठवा, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती तो. त्या पुराने नदीपात्र धुऊन नेलं असेल. पण खडकाच्या भेगेत बसलेलं जड द्रावण पुराने हलत नाही. उलट पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते तेव्हा नवं पाणी त्याला भिडतं आणि थोडं आणखी विरघळवून पुढे नेतं. आणि भूजलाचा ओघ साधारणपणे नदीकडेच असतो.

मग "निसर्ग बघून घेतो" हे खोटं का? नाही, अर्धं खरं आहे. आणि ते अर्धं खरं कसं सापडलं, ती गोष्ट मस्त आहे.

ऑगस्ट १९७९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटामधल्या बेमिजी गावाजवळ कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. तिथल्या भूगर्भ खात्याने १९८३ पासून ती जागा प्रयोगशाळेसारखी अभ्यासली. दिसलं असं की तेलातून विरघळलेली द्रव्यं वाटलं होतं तितकी लांब पसरत नाहीत, कारण जमिनीतले जिवाणू ती खातात. पण तेलाचं ठीक आहे, क्लोरीनवाल्या द्रावकांचं काय? १९८५ मध्ये वोगेल आणि मॅकार्टी या संशोधकांनी दाखवलं की ऑक्सिजन नसलेल्या जागी जिवाणू त्यातला एकेक क्लोरीन काढून टाकतात. पुढे मिशिगनमधल्या सेंट जोसेफ इथे हे प्रत्यक्ष भूजलात मोजलं गेलं. आणि १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी तो जिवाणू जाहीर केला, जो हे काम शेवटच्या निरुपद्रवी टप्प्यापर्यंत नेतो. डीहॅलोकोकॉइड्स त्याचं नाव. तो सापडला कुठे? सांडपाणी प्रकल्पाच्या गाळात!

त्याच काळात पाणी उपसून शुद्ध करायची महागडी पद्धत अडखळत होती. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा ७७ जागा तपासल्या. बहुतेक ठिकाणी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं गेलं नव्हतं. त्यामुळे निसर्गावर सोपवायची कल्पना सगळ्यांनाच आवडली, कंपन्यांना तर फारच. बिल कमी येतं ना!

म्हणून १९९९ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने लेखी अटी घातल्या. मुळातला साठा आधी काढा किंवा अडवा. अनेक वर्षांच्या आकड्यांनी दाखवा की प्रदूषण खरंच घटतंय. ते पसरून पातळ होतंय की नष्ट होतंय, हे वेगळं सिद्ध करा. निरीक्षण विहिरी खोदून मोजत राहा. वाजवी मुदतीत काम होणार नसेल तर दुसरा उपाय तयार ठेवा. ही पद्धत म्हणजे काहीच न करणं नव्हे, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं. म्हणून पद्धतीच्या नावात 'मॉनिटर्ड' हा शब्द आला. देखरेखीखाली.

अटी एवढ्या कडक का? कारण जिवाणूंचं काम मध्येच थांबू शकतं. टीसीईचा एकेक क्लोरीन निघताना मध्ये व्हायनिल क्लोराईड तयार होतं. ते टीसीईपेक्षाही घातक. योग्य जिवाणू नसेल किंवा त्याला अन्न कमी पडलं, तर गाडी त्याच स्टेशनात अडकते. रिपोर्टात टीसीई घटलेलं दिसतं, आपण खूश होतो आणि पाणी आधीपेक्षा विषारी झालेलं असतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण. खाली दख्खनचा बेसॉल्ट. वाळूत प्रदूषित पाण्याचा पट्टा साधारण एका दिशेने सरकतो, नकाशा काढता येतो. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून जातं. एका बिल्डिंगची बोअर स्वच्छ आणि शेजारचीला दूषित भेग लागलेली, असं होऊ शकतं. त्यामुळे एका विहिरीच्या रिपोर्टवरून गावाचा निकाल लावता येत नाही.

भरवशावर सोडलं तर काय होतं ते बघायला भोपाळ आहे. वायुकांडाची रात्र सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कारखान्यात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराईड ही द्रावकंही वापरात होती. कारखाना बंद पडून पंधरा वर्षं झाल्यावर, १९९९ मध्ये ग्रीनपीसने आसपासचे नमुने तपासले, तेव्हा भूजलात ही क्लोरीनयुक्त द्रव्यं मिळाली. पंधरा पावसाळे गेले होते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या वस्त्यांना शुद्ध पाणी द्यायचा आदेश द्यावा लागला. २०२५ च्या जानेवारीत ३३७ टन कचरा पिथमपूरला हलवला, त्याची बातमी झाली. जमिनीखालचं तिथेच आहे.

आता मुद्द्याचं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम पहिल्यांदाच काढले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. दोषी सापडला तर खर्च त्याचा. देशात तोवर १०३ दूषित जागा नोंदल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई फक्त सात ठिकाणी सुरू होती. नियमात एक भोक आहे: जागा दूषित ठरल्यावर ती कधीपर्यंत साफ करायची याची मुदत नाही. या भोकातून "निसर्ग बघून घेईल" अगदी सहज आत शिरेल, आणि या वेळी सरकारी कागदावर शिरेल.

म्हणून आपण तीन गोष्टी मागू शकतो. एक, जुने कारखाने बंद होऊन तिथे इमारती येतात, तेव्हा बांधकामाआधी माती आणि भूजलाची सॉल्व्हंटसाठी तपासणी, आणि रिपोर्ट सार्वजनिक. दोन, एमआयडीसी आणि वस्ती यांच्या मध्ये कायमच्या निरीक्षण विहिरी, वर्षातून दोनदा नमुने, पावसाळ्याआधी आणि नंतर. तीन, संशयित जागांच्या यादीत आपल्या तालुक्यातलं काय आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला माहिती अधिकारात विचारणं. हे तिसरं कोणीही उद्या सकाळी करू शकतं, दहा रुपयांत.

आणि सोसायटीवाल्यांनो, पुढच्या वेळी बोअरचा नमुना द्याल तेव्हा लॅबला 'व्हीओसी' म्हणून वेगळी तपासणी सांगा. बाटली काठोकाठ भरायची, वर हवा ठेवायची नाही, नाहीतर ही द्रव्यं उडून जातात आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. खर्च जास्त आहे, पण चार-पाच सोसायट्या मिळून करता येईल. आमच्या मीटिंगमध्ये ठराव झालाय. पहिली सही त्याच काकांनी केली.