तळटीप १७ : देवशिर्मे

१७. देवशिर्मे – उस्मानी सुलतानांची मुलगे गोळा करण्याची पद्धत. १४व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७व्या शतकापर्यंत चालू. बाल्कन प्रदेशातील ख्रिस्ती खेड्यांतून दर काही वर्षांनी सरकारी माणसे साधारण ८ ते १८ वयाची मुले निवडून नेत. एकुलता एक मुलगा सहसा वगळत. धर्मांतर करून, तुर्की शिकवून बहुतेकांना जानिसारी पायदळात घालीत. निवडक मुले राजवाड्यातील शाळेत जात. मजकुरातील सोकोल्लू मेहमेद पाशा यांतलाच. बोस्नियातील सर्ब कुटुंबात जन्मलेला हा मुलगा १५६५ ते १५७९ सलग वजीर-ए-आझम होता. जन्मगावापासून जवळ, विशेग्राड येथे द्रिना नदीवर त्याने बांधवलेला दगडी पूल आजही उभा आहे.

वंशपरंपरागत सरदारांना शह देणारा, फक्त सुलतानाशी बांधलेला चाकरवर्ग निर्माण करणे हा या पद्धतीचा मुख्य हेतू. म्हणून लेखकाने तिला निव्वळ धर्मच्छळ म्हटले आहे ते अपुरे वाटते. तरी पोटची मुले कायमची गमावलेल्या गावांचे दुःख त्यामुळे हलके होत नाही. बाल्कन लोकस्मृतीत हा ‘रक्ताचा कर’च राहिला, आणि १९व्या शतकातील राष्ट्रवाद्यांनी तुर्कांविरुद्ध तीच आठवण जागवली.