एका गाईचे कोडे आणि चिरनेरचे रान

इतिहास ऐकण्यासाठी जमलेल्या मंडळींना आरंभीच गणित घालणे हा थोडासा अन्यायच आहे. परंतु आज ज्या प्रश्नाविषयी मला बोलायचे आहे, त्याचे दार एका कोड्यातूनच उघडते. तेव्हा आपण क्षणभर शाळेतल्या बाकावर बसलो आहोत असे समजू या.

कोडे असे. एक गाय दरवर्षी एका कालवडीला जन्म देते. ती कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी एकेक कालवड देऊ लागते. तर वीस वर्षांनी त्या एका गाईचा परिवार किती होईल?

घाईने उत्तर देणारा म्हणतो, वीस वासरे आणि एक गाय, म्हणजे एकवीस. तो फसला. कारण लेकींना लेकी होतात, नातींना नाती होतात, हे तो विसरला. खरे उत्तर दोन हजार सातशे पंचेचाळीस आहे! आपल्यापैकी कुणाला शंका असेल तर घरी जाऊन ताळा करावा. रीत सोपी आहे. गेल्या वर्षी गोठ्यात जेवढी जनावरे होती, त्यांत तीन वर्षांपूर्वी जेवढी होती तेवढी मिळवावीत, म्हणजे यंदाची संख्या येते. कारण तीन वर्षांपूर्वी जी जी गोठ्यात होती, ती सर्व यंदा विणारी झालेली असतात. पहिल्या तीन वर्षांत दोन, तीन, चार अशी जनावरे होतात. चौथ्या वर्षी चारात दोन मिळवून सहा, पाचव्या वर्षी सहात तीन मिळवून नऊ, मग तेरा, एकोणीस, अठ्ठावीस. दहाव्या वर्षी साठ, आणि विसाव्या वर्षी २,७४५.

हे कोडे माझे नव्हे. नारायण पंडित या गणितज्ञाने १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त ते आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. म्हणजे तिच्यानंतर दोन शतकांनी हा ग्रंथ झाला. आपल्या खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ चालविला होता, आणि त्या मठाला दिलेल्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख तेथे सापडला आहे. अशा विद्येच्या परंपरेतले हे कोडे आहे. युरोपात याच जातीचे कोडे १२०२ साली पिसा गावच्या लिओनार्डोने घातले, तेच आज फिबोनाची या नावाने ओळखले जातात. त्यांनी सशांची जोडी घेतली, आणि वर्षाच्या अखेरीस ३७७ जोड्या करून दाखविल्या. इटलीच्या पंडिताने ससा घेतला, आपल्या पंडिताने गाय घेतली. ज्याच्या अंगणात जे, ते त्याच्या पाटीवर!

येथवर गणित झाले. आता गंमत पाहा. या कोड्यातली पहिली फसगत आपण ओळखली. पण तिच्या पोटात दुसरी फसगत दडलेली आहे, आणि ती एखाद्या शाळकरी पंडितापेक्षा एखाद्या कुणब्याच्या लवकर लक्षात येईल. तो विचारील, “गुरुजी, वीस वर्षांत एकही गोऱ्हा जन्मला नाही, मग या सगळ्या गाई फळल्या कशाने? आणि माझा नांगर कोण ओढणार?” कोड्यातला प्रत्येक जन्म कालवडीचा आहे. उद्या प्रत्येक वेळी गोऱ्हाच झाला, तर त्या घाईने बोलणाऱ्याचे एकवीस हेच उत्तर खरे ठरते! एकवीस आणि दोन हजार सातशे पंचेचाळीस यांमधले सगळे अंतर एका न बोललेल्या अटीवर उभे आहे.

अशा न बोललेल्या अटी आणखीही आहेत. कोड्यात गाय म्हातारी होत नाही, भाकड राहत नाही, वासरू दगावत नाही. बुळकांडीची साथ येत नाही. १८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ येत नाही, ज्यात माणसांबरोबर गुरांचेही कळप वैरणीवाचून आडवे झाले. आणि सर्वांत मोठी अट म्हणजे गवत. २,७४५ जनावरे चरणार कुठे, हे कोडे विचारीतच नाही.

हेच कोडे आणखी पुढे चालविले तर त्रेचाळिसाव्या वर्षी एका गाईचा परिवार १ कोटी ८० लाखांवर जातो. २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या महाराष्ट्रातली गाईबैलांची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख भरली. आणि त्याआधीच्या, २०१२ च्या गणनेत ती सुमारे १ कोटी ५५ लाख होती. म्हणजे पाटीवर कळप फुगत असता प्रत्यक्षात तो घटत होता. प्रजा झपाट्याने वाढते आणि अन्न तिच्या मागे पडते, असे १७९८ साली माल्थसने माणसांविषयी सांगितले, तेव्हा त्याने निदान पाटीवर अन्नाचा रकाना तरी आखला. आपल्या कोड्यात तो रकानाच नाही.

आता आपण म्हणाल, कोडे ते कोडे. त्यावरून एवढा ऊहापोह कशाला? तर मित्रहो, एकोणिसाव्या शतकात हेच कोडे सरकारी कागदांत शिरले म्हणून. गुरे फार झाली, ती रान खातात, म्हणून रान राखले पाहिजे, असा विचार जंगलखात्यात मूळ धरू लागला. १८७१ साली कोंडवाड्याचा कायदा आला. १८७८ साली जंगलाचा कायदा आला आणि १९२७ साली तो नव्याने झाला. राखीव जंगलात गुरे चारणे हा गुन्हा ठरला. तेथे शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या जे गावचे गायरान होते, ते एका रेघेने सरकारचे झाले. १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात या दुःखाची कडक शब्दांत नोंद आहे. सरकारने गुरांची संख्या मोजली. पण गवताचा मालक कोण, हा प्रश्न पाटीवरून पुसून टाकला.

आपल्या कोकणपट्टीत तर हा घाव दुहेरी बसला. येथील भातशेतीला राब लागतो. झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत आणि शेण रोपांच्या जागेवर पसरून भाजावे, मग पेरावे, अशी येथली जुनी रीत. टहाळ रानातून यायचा आणि शेण गुरांकडून. रान बंद झाले की राब अडला, आणि गुरे घटली की शेण अडले. ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांतल्या जंगलांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की त्यांसाठी मुंबई सरकारला खास आयोग नेमावा लागला, आणि १८८७ साली त्याचा अहवाल आला. परंतु तक्रार काही मिटली नाही.

म्हणूनच १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाल्यावर, जेथे समुद्र नाही तेथेही लोकांना आपले मीठ सापडले. ते म्हणजे गवत आणि लाकूड. वऱ्हाडात पुसद येथे १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. मूठभर गवताची ती चोरी, पण तिने साऱ्या कायद्याला प्रश्न विचारला.

आणि मग चिरनेर. आज उरण तालुक्यात असलेले हे गाव तेव्हा पनवेल तालुक्यात मोडत असे. २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांचे शेतकरी, कोळी, कातकरी अक्कादेवीच्या रानाकडे निघाले. कोयते-कुऱ्हाडी घेऊन राखीव जंगलात लाकूड तोडायचे आणि कायदा मोडायचा, एवढाच त्यांचा संकल्प. तेथे गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्या धुमश्चक्रीत सरकारी बाजूचीही माणसे मारली गेली. मामलेदार जोशी त्यांतच गेले. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे एक नाव आहे. ज्या जमातीचे नावच खैराच्या काथावरून पडले, तिच्या एका तरुणाला रानात शिरल्याबद्दल गोळी लागावी, याहून या कायद्यावर बोलके भाष्य दुसरे कोणते असेल? चिरनेरला त्यांचे स्मारक आहे, आणि दर २५ सप्टेंबरला तेथे लोक जमतात.

तेव्हा नारायण पंडितांना आपण दोष देणार नाही. त्यांनी कोडे घातले ते विद्यार्थ्याला बेरीज शिकविण्यासाठी, आणि अटी सांगून घातले. दोष त्यांचा, ज्यांनी कोड्यालाच राज्यकारभार मानले. गुरे किती, माणसे किती, त्यांची वाढ किती, हे मोजणे अवश्य आहे; मोजल्यावाचून कारभार चालत नाही. पण जो कुणी आपल्यापुढे वाढीचा आकडा ठेवील, मग तो गुरांचा असो की माणसांचा, त्याला कुणब्याचे दोन प्रश्न विचारल्यावाचून सोडू नये. या हिशेबात गोऱ्हे कुठे गेले? आणि गवत कुणाच्या ताब्यात आहे?

पहिल्या प्रश्नाने आकडा खरा आहे की नाही ते कळते. दुसरा प्रश्न चिरनेरच्या लोकांनी विचारला, आणि त्याची किंमत त्यांनी आठ प्राणांनी मोजली.