वैरभाव, मेंदूची असममिती आणि रक्ताभिसरण

वैरभाव म्हणजे इतरांविषयीचा टिकाऊ संशय, कटुता व शत्रुत्व. तात्कालिक रागाहून तो वेगळा. हृदयविकाराशी त्याचे नाते 1959 मध्ये फ्रीडमन व रोझेनमन यांनी मांडलेल्या ‘अ-प्रकार’ (घाई, स्पर्धा व वैरभाव यांच्या) वर्तनाच्या कल्पनेतून पुढे आले. या नात्यात मेंदूही येतो: त्याचे दोन गोलार्ध हृदयावर सारखा प्रभाव टाकत नाहीत. अपस्माराच्या शस्त्रक्रियांच्या वेळी ओपनहायमर व सहकाऱ्यांना (1992) असे दिसले, की उजव्या इन्सुलाच्या (मेंदूच्या आतल्या एका भागाच्या) उद्दीपनाने नाडी व रक्तदाब बहुधा वाढतात, तर डाव्याच्या उद्दीपनाने घटतात. डेमरी व हॅरिसन (1997) यांच्या प्रयोगात थंड पाण्यात हात बुडवल्यावर वैरभाव अधिक असलेल्या पुरुषांची रक्ताभिसरणाची प्रतिक्रिया तीव्र होती आणि डाव्या कानाचे ऐकणे सुधारले. डाव्या कानाचे संकेत मुख्यतः उजव्या गोलार्धाकडे जातात, म्हणजे उजवा गोलार्ध अधिक सक्रिय झाला. याउलट मानसशास्त्रज्ञ हार्मन-जोन्स यांनी रागाचा संबंध डाव्या कपाळखंडाशी जोडला. हा पेच सुटलेला नाही.

वैरभावाचे मापन हाच यातला कच्चा दुवा. कुक–मेडली मापिका (1954) अमेरिकेत शिक्षकांच्या संदर्भात घडली. माणसांवरचा अविश्वास ती वैरभावात मोजते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पत्नीसह ‘कोयता’ म्हणजे तोडणीची जोडी बनतो आणि हंगामभर ती उचल फेडत राबतो. त्याचा अविश्वास बहुधा अनुभवातून आलेला असतो. त्याला स्वभावदोष ठरवणे अन्यायाचे होईल. मापिका इथल्या जगण्यावर पारखल्याशिवाय असे गुण विश्वासार्ह मानू नयेत.