कॅप्टन भाऊ : तुफान सेनेचा ९९ वर्षांचा सैनिक

आंबेगावच्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १९३० मध्ये मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि ऐन तारुण्यात हुतात्मा झाले. त्याच लढ्यातला दुसरा एक शेतकऱ्याचा पोर मात्र शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत जगला. ते म्हणजे कुंडलचे (ता. पलूस, जि. सांगली) रामचंद्र श्रीपती लाड, सगळ्यांचे 'कॅप्टन भाऊ'.

जन्म १९२२ चा. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची सशस्त्र तुकडी म्हणजे तुफान सेना. भाऊ तिचे कॅप्टन. लोक त्याला 'पत्री सरकार'ही म्हणत. सातारा भागातल्या गावांत हे सरकार न्यायनिवाडा करायचं, सावकार-गुंडांना वचक बसवायचं.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ या क्रांतिकारकांनी पुणे-मिरज रेल्वे अडवली. गाडीत इंग्रज सरकारच्या नोकरांचा पगार होता. तो पैसा चळवळीला गेला. याला कुणी लूट म्हटलं की भाऊंना पटत नसे. इंग्रजांनी लोकांकडून लुबाडलेलंच परत आणलं, असं ते म्हातारपणीही ठणकावून सांगत.

५ फेब्रुवारी २०२२ रोजी ते गेले. त्याआधी पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्याच तोंडून ही हकीकत नोंदवली, म्हणून ती आज वाचायला मिळते.

जुन्नर-आंबेगावातही ज्या घरात म्हातारे फौजी आजोबा आहेत, तिथल्या नातवंडांनी मोबाईलवर त्यांचा आवाज आजच रेकॉर्ड करावा. पलटण, साल, गाव विचारून घ्यावं. माणूस गेल्यावर विचारायचं कुणाला?