ओढणारा पंप, ढकलणारा पंप

पुण्याहून सोलापूरकडे येताना टेंभुर्णी मागे पडली की मोडनिंब लागते. या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. कार्बोरेटरच्या काळातील मोटारी अशा दुपारी धावताना फारशा रुसत नसत. चहाला थांबून पुन्हा निघताना रुसत. धावत्या गाडीला वारा लागतो. ती थांबली की इंजिनाची उष्णता शेजारच्या पंपात आणि नळीत शिरते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ घुसळत बसतो. गाडीने एअर धरली, असे म्हणत. उपाय ठरलेला : पंपावर ओले फडके आणि लिंबाची सावली.

मोटारींविषयी मराठीत लिहिले जाते ते मॉडेल आणि मालक यांच्याभोवती. पंपाकडे कोण बघतो? पण गाडी घरी पोचणार की नाही, हे तोच ठरवी.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० डिलाइट, जी १९७४ पासून पद्मिनी झाली, आणि १९८३ मध्ये आलेली मारुती ८००, या दोन्हींत इंजिनावरच बसवलेला यांत्रिक पंप असे. मिस्त्रींच्या बोलीत हा 'एसी पंप'. त्याचा गारव्याशी संबंध नाही. ते एका जुन्या उत्पादकाचे नाव. कॅमशाफ्ट फिरला की दांडी हलते, पडदा खेचला जातो, टाकीतून पेट्रोल येते. पुढे कार्बोरेटरकडे ढकलण्याचे काम स्प्रिंग करते. दाब स्प्रिंगच्या जोराइतकाच, साधारण ३ ते ५ पौंड. इंजिन थांबले की पंपही थांबला. पडदा फाटला तर रस्त्याकडेला बदलता येई, मात्र तोवर पेट्रोल ऑइलमध्ये उतरण्याची भीती असे.

विजेचा पंपही आपल्याकडे नवा नव्हता. मॉरिस मायनर, म्हणजे इथली 'बेबी हिंदुस्थान', हिला एसयूचा विजेचा पंप असे. चावी फिरवली की टकटक सुरू, कार्बोरेटर भरला की शांत. पॉइंट जळले की तो अडे. पान्याने हलके ठोकले की बहुधा पुन्हा चाले.

विजेचा पंप म्हणजे वाफेवरचा इलाज, असे जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणारे अनेकजण आज मानतात. माझ्या मते हे अर्धेच खरे. मायनरचा पंप इंजिनाच्याच खोलीत, मागच्या भिंतीवर होता. तोही ओढतच असे, आणि ओढताना नळीतला दाब घटून पेट्रोल लवकर उकळते. हाच पंप मागे टाकीजवळ, खाली नेला तर तो ढकलतो. दाबाखालचे पेट्रोल सहजी उकळत नाही. फरक विजेचा नाही, जागेचा आहे.

त्यातही बाजारातला हाती येईल तो पंप चालत नाही. दाब जास्त झाला की कार्बोरेटरची सुई हार खाते आणि वाहिलेले पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर पडू शकते. अपघातात इंजिन बंद पडले तरी चावी चालू असेपर्यंत साध्या जोडणीतला विजेचा पंप पेट्रोल ओततच राहतो. म्हणून ऑइलचा दाब गेला किंवा धक्का बसला की वीज तोडणारा स्विच हवाच. त्याविना केलेली 'सुधारणा' ओल्या फडक्याहून वाईट.

मूळ पंप ठेवणाऱ्यांनी पंप आणि ब्लॉक यांमधला जाड इन्सुलेटर तपासावा. किरकोळ दिसणारा हा तुकडा उष्णता अडवतो आणि दांडीची चालही राखतो. दुरुस्तीत सर्वांत आधी तोच हरवतो.

इंजेक्शन आले तशी ही निवड नव्या गाड्यांपुरती संपली. तिथे लागणारा दाब कितीतरी पट, पंप विजेचा, आणि बहुधा टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला.