‘लेपर्ड’ म्हणजे नेमका कोण? जुन्नरच्या बिबट्याच्या इंग्रजी नावात दडलेली चूक

जुन्नर-आंबेगावात कुणी ‘वाघ आला’ म्हणालं, तर तो बहुतेक वेळा बिबट्याच असतो. गावात हे सगळ्यांना कळतं. पण तोच मेसेज व्हॉट्सॲपवर पुढे गेला की कुणी पट्टेरी वाघाचा फोटो जोडतं, कुणी थेट ‘चित्ता’ लिहितं. असाच गोंधळ बिबट्याच्या इंग्रजी नावातही आहे.

शब्द आला कुठून?

‘लेपर्ड’चं मूळ लॅटिन ‘लिओपार्डस’मध्ये आहे आणि लॅटिनमध्ये तो ग्रीकमधून आला. ‘लिओ’ म्हणजे सिंह, ‘पार्डस’ म्हणजे ठिपकेवाला मोठा मांजरवर्गीय प्राणी. हा प्राणी या दोघांच्या संकरातून जन्मतो, असा प्राचीन युरोपात समज होता. तो चुकीचा ठरला, पण नाव टिकलं. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधलं ‘लेओपार्दो’ त्याच शब्दाचं रूप. शास्त्रीय नावात, म्हणजे ‘पँथेरा पार्डस’मध्ये, मात्र सिंह उरलेला नाही.

आपल्या भाषांत काय म्हणतात?

मराठीत बिबट्या किंवा बिबळ्या, हिंदीत तेंदुआ, गुजरातीत दीपडो. संस्कृतमध्ये ‘द्वीपी’, म्हणजे अंगावर बेटांसारखे ठिपके असलेला. ‘चित्ता’ हा शब्दही ‘चित्रक’, म्हणजे ठिपकेदार, यावरूनच आलाय. पण तो प्राणी वेगळा.

मग ओळखायचं कसं?

वाघाच्या अंगावर पट्टे असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. बिबट्याचे ठिपके फुलासारख्या गोल गुच्छांत असतात. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले गेले, जुन्नरला नाही.

नावाने काय फरक पडतो?

बिबट्या उसाच्या फडात लपतो, तिथेच पिल्लंही घालतो. कुत्री, शेळ्यांच्या मागे तो वस्तीपर्यंत येतो. म्हणून इथली खबरदारी वेगळी: अंधारात एकट्याने न फिरणं, लहान मुलांना एकटं न सोडणं, गोठा बंदिस्त ठेवणं, ऊसतोडीच्या वेळी सावध राहणं. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तेही याच प्राण्यासाठी.

त्यामुळे पुढचा मेसेज पाठवताना ‘बिबट्या’ असंच लिहा. सोबत गाव, वेळ लिहा आणि फोटो तिथलाच आहे का, हे आधी तपासा. बिबट्या दिसल्यास वन विभागाची हेल्पलाइन: १९२६.